बाद झालेल्या फुंका

"बाई, तुमच्यामुळे एकसष्ट मुलं गेली, पण आकडे काय स्वच्छ मिळाले!" आकडेवाला म्हणाला आणि त्याने बिस्किट चहात बुडवलं. जिन्याखालच्या ज्या चिंचोळ्या खोलीला सगळे उगाचच उपाहारगृह म्हणत, तिथे ती त्याच्यासमोर कप घेऊन उभी होती. 'गेली' हा शब्द तिने आधी भलताच ऐकला. क्षणभरच. मग लक्षात आलं, गेली म्हणजे तक्त्यातून गेली. मेली नव्हेत. तो कौतुकच करत होता. बिस्किटाचा भिजलेला तुकडा चहात पडला, तो त्याने चमच्याने शोधायला सुरुवात केली, आणि ती त्याच्या भांगाकडे बघत राहिली. पन्नाशीला आलेला माणूस, आणि चहात बिस्किट किती वेळ धरायचं याचा अंदाज नाही. असा माणूस साडेतीनशे मुलांच्या श्वासांची सरासरी काढतो. एरवी हा विचार तिला दुपारभर पुरला असता. माणसांना मनातल्या मनात असं सोलून ठेवायची तिला जुनी सवय होती, त्यावर तिचं बरं चाललं होतं. पण आज मध्येच तो शब्द आडवा आला. गेली. कप तसाच विसळायच्या भांड्यात ठेवून ती वर आली.

फुप्फुसं मोजायच्या खोलीत ती सव्वीस वर्षं होती. खोली लहान, एक खिडकी, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. टेबलावर यंत्र, यंत्राला जोडलेला पडदा, पडद्यावर मुलांसाठी सहा मेणबत्त्या. पुठ्ठ्याची नळी ओठांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सोडायचा. जोरात सोडला की मेणबत्त्या विझतात. "फुंक, फुंक, फुंक, अजून, अजून, थांबायचं नाही, अजून!" हे ती इतक्या खड्या आवाजात म्हणे की बाहेर बाकावर बसलेले पेशंटही नकळत श्वास सोडत. मुलांनी तिचं नाव फुंकबाई ठेवलं होतं, आणि ते तिला कळलेलं आहे हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. तिच्या खोलीतून वाईट रेघ बाहेर जात नसे. चांगल्या फुंकेची रेघ कशी, झपकन वर चढते आणि घसरगुंडीसारखी गुळगुळीत खाली येते. कुणी मध्येच दम तोडला, कुणी ओठ सैल सोडले, कुणी खोकलं, की रेघेला खाच पडते. खाच पडली की फुंक बाद. आठ संधी द्यायच्या, त्यांत तीन चांगल्या मिळाल्या पाहिजेत. नाही मिळाल्या की मूलच बाद. नियम तिने केलेला नव्हता, पण तो तिच्याइतका कसोशीने पाळणारं दुसरं कुणी त्या इमारतीत नव्हतं. बाकीचे चालवून घेत. पलीकडच्या विभागातली ती केसांना महिन्याला नवा रंग लावणारी बाई तर कशीही रेघ 'बरी' म्हणून सोडायची आणि चारच्या ठोक्याला पर्स उचलायची. तिच्याबद्दल फुंकबाईला कीव वाटे असं ती स्वतःला सांगे. कीव नव्हती ती.

त्या दुपारी तिने कपाट उघडून चार वर्षांच्या वह्या काढल्या. डोंगरातल्या वस्त्यांवर दर थंडीत त्यांचा ताफा जायचा. विषय कागदावर भारदस्त होता: मूळनिवासी बालकांची फुप्फुसक्षमता. डोंगर ज्यांचा, त्या लोकांची मुलं मोजायची आणि शहरातल्या मुलांशेजारी त्यांचे आकडे ठेवायचे. यंत्रात फक्त 'बाद' एवढंच नोंदवता येई, का बाद ते नाही. कारण ती आपल्या वहीत पेन्सिलीने लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. यंत्रावर तिचा विश्वास होता, पण यंत्र वापरणाऱ्यांवर नव्हता. आता ती पानं उलटत गेली. एक 'रडली'. दोन 'समजत नाही'. चार 'दात पडलेले, ओठ मिटत नाहीत'. आणि मग खो., खो., खो. खोकला हा पूर्ण शब्द लिहायलासुद्धा तिला वेळ नव्हता. एकसष्टांपैकी चोपन्न खो. तिने पुन्हा मोजले. पुन्हा चोपन्नच. तिला अचानक फार उकडल्यासारखं झालं, आणि खिडकी उघडली तर समोर भिंत. ज्यांना खोकला, त्यांची रेघ वाईट. ज्यांची रेघ वाईट, ती बाद. मग उरली कोण? इतकं साधं गणित. त्या बिस्किटवाल्याला जमलं नाही, ठीक आहे, त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण आपल्याला? आपण तर समोर बसून बाद म्हणत होतो.

आणि एक मुलगी डोळ्यांसमोर आली, आली ती जाईना. आठ-नऊ वर्षांची, कानांवरून ओढून बांधलेला रुमाल. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं, मुलं रांगेत. ही पहिल्या फुंकेला खोकली. दुसऱ्या फुंकेला खोकली. तिसऱ्या वेळी तिने श्वास असा काही जपून घेतला, भरलेलं भांडं डोक्यावरून उतरवावं तसा, आणि सोडला, आणि निम्म्यावर खोकली. खोकून झाल्यावर तिने फुंकबाईकडे बघितलं. माफी मागितल्यासारखं. "परत," फुंकबाई म्हणाली. आठही झाल्या. मुलीच्या कपाळावर घाम आला होता, थंडीत. तिची आई बाजूला उभी होती, ती काहीतरी म्हणाली. वस्तीची बोली फुंकबाईला येत नसे. आरोग्यसेविकेने सांगितलं, "ती म्हणते, पोरगी फुंकते ती अशीच फुंकते." फुंकबाई हसली होती. नेमकं आठवलं तिला, कशी हसली होती ते, एका नाकपुडीतून. अडाणी बाई म्हणून. मग वहीत खो. लिहून तिने मुलीला बिस्किटाचा पुडा दिला आणि पुढच्याला बोलावलं. आता तिला वाटलं, त्या व्हरांड्यात त्या दिवशी फुप्फुसांबद्दलचं एकच शास्त्रशुद्ध वाक्य बोललं गेलं, आणि ते त्या बाईने म्हटलं.

खोकला फुंकबाईला लहानपणापासूनच सहन होत नसे. त्यांच्या घरी आत्या होती, वडिलांची थोरली बहीण, कधी लग्न न झालेली, मागच्या खोलीत राहणारी. आत्या खोकायची. सकाळी उठल्यावर खोकायची, हसली की खोकायची, म्हणून हसायचीही बेतानं. वडील एका कचेरीत हिशेबतपासनीस होते, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांचे साहेब घरी यायचे असले की आई आत्याच्या दाराला बाहेरून कडी लावायची. लावायची म्हणजे नुसती अडकवायची, "उगाच वारा येतो" म्हणत. आणि हिला आत्याबरोबर आत बसवायची. "तिला बोलायला लावू नकोस, बोलली की सुरू होतं." मग त्या दोघी कॉटवर बसून राहायच्या. बाहेर कपबश्यांचा आवाज, वडिलांचं साहेबांसाठी राखून ठेवलेलं हसू. आत्या उशी तोंडावर दाबून धरायची. तिचे खांदे हलायचे, आवाज नाही. हिला त्या न येणाऱ्या आवाजाची भयंकर शरम वाटायची, आणि एकदा उशी खाली ठेवून दम घेताना आत्या म्हणाली होती, "तुला माझा राग येतो ना गं?" हिने नाही म्हटलं. खरं तर राग नव्हताच. आत्या किळसवाणी वाटायची. साहेब गेल्यावर वडील म्हणायचे, "छान झालं सगळं." छान, स्वच्छ. ती वाढली त्या घरात एवढंच शिकली की जे ऐकू येत नाही ते नसतं. मग तिने नोकरीही अशी शोधली जिथे ते शास्त्र म्हणून करता येईल. हा विचार तिला इतका नाटकी वाटला की तिने वही धाडकन मिटली. आपल्यालाच सोलायला लागलो आपण. छान.

तरी ती सरांकडे गेली. सर म्हणजे विभागाचे प्रमुख, आवाजाने गोड आणि हाताने मऊ. तिच्या मते त्यांनी पंधरा वर्षांत एकाही मुलाच्या तोंडात नळी धरली नव्हती. "सर, बाद झालेल्यांत चोपन्न मुलं खोकल्यामुळे बाद झालीयत."

"असणारच. हवा थंड आहे तिथली."

"नाही, म्हणजे आजारी तीच आपण काढली. उरलेल्यांची सरासरी चांगली येणारच ना."

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढून ते समजूतदार दिसत, आणि ते त्यांना माहीत होतं. "बाई, निकष जगभर हेच आहेत. बाद फुंकेतून आकडा काढायचा का? तुम्हीच मला ओरडाल. अहो, या प्रकल्पात एका गोष्टीवर मी डोळे मिटून विश्वास टाकला, तो तुमच्या रेघांवर."

"आकडा काढू नका. पण खोकल्याने इतकी गेली, एवढं एक वाक्य तरी घाला."

"पुढच्या लेखात घालू. स्वतंत्र विषय आहे, छान विषय आहे." मग ते उठून खिडकीशी गेले. त्यांच्या खिडकीतून झाडं दिसत. "शुक्रवारी वरच्या वस्तीवर जायचंय, निष्कर्ष सांगायला. आरोग्य खात्याचे अधिकारी येणार आहेत. ते तर खूश आहेत. मुलं ठणठणीत आहेत म्हटल्यावर तो फिरता दवाखाना त्यांना दुसरीकडे वळवता येईल. आठवड्यातून दोनदा ती गाडी डोंगर चढते, कशासाठी? तुम्हीही चला. लोकांना तुमचा चेहरा ओळखीचा आहे."

चेहरा ओळखीचा आहे. जिना उतरताना हे वाक्य ती तोंडात घोळवत राहिली. घरी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो पेपरातलं कोडं सोडवत होता. "मग? तू नियमाप्रमाणे केलंस ना?" तो म्हणाला, "तुझ्यावर काही येणार नाही." अठ्ठावीस वर्षं ती या माणसाबरोबर संसार करत होती. आपल्यावर काही येईल, हीच त्याला कळणारी एकमेव भीती होती. आणि वाईट हे की सकाळपर्यंत तिचीही तीच झाली होती.

शुक्रवारी जीप डोंगर चढत होती. पुढे सर, मागे ती, आकडेवाला आणि खात्याचे अधिकारी. अधिकाऱ्यांची मान प्रत्येक वळणाला ज्या बाजूला वळण त्या बाजूला कलंडत होती. ते झोपले होते. झोपेतही त्यांनी मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. असल्या माणसांच्या हातात एका गाडीचं येणं किंवा न येणं असतं, आणि गाडीच्या येण्या-न येण्यात काय काय असतं. आकडेवाला सरांना विनोद सांगत होता. सर योग्य जागी हसत होते. तिने ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. वस्तीतल्या लोकांना चोपन्न म्हणजे काय कळणार, आणि कळून उपयोग काय. हे ठरवून तिला बरंही वाटत होतं.

शाळेची मोठी खोली भरली होती. बहुतेक बायका, कडेवर मुलं, मागे भिंतीला टेकून काही पुरुष. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती अजून तशाच, आणि बंद घरांतल्या चुलींचा धूर जणू सगळ्यांच्या कपड्यांतून आत आलेला. वस्तीची आरोग्यसेविका दुभाषी म्हणून सरांशेजारी उभी होती. चाळिशीची, उंच, पायात पुरुषी बूट. सर सुंदर बोलले. डोंगरातली शुद्ध हवा, काटक मुलं, तुमच्याकडून शहराने शिकावं. शेवटी म्हणाले, "थोडक्यात सांगायचं तर आम्ही चार वर्षं शास्त्रीय पद्धतीने मोजणी केली, आणि तुमच्या मुलांची फुप्फुसं शहरातल्या मुलांइतकीच उत्तम आहेत." आरोग्यसेविकेने हे सगळं एका आखूड वाक्यात सांगितलं. मग मागून एक म्हातारी काहीतरी बोलली आणि बायका हसायला लागल्या. मोकळं, खळखळून, एकमेकींच्या खांद्यावर हात मारत. हसता हसता त्यांतल्या तिघी-चौघी खोकायला लागल्या आणि त्याचंच पुन्हा हसू आलं. सरही हसले. त्यांना वाटलं, आनंद झाला.

"काय म्हणाल्या त्या?" फुंकबाईने विचारलं.

आरोग्यसेविका तिच्याकडे न बघता म्हणाली, "म्हणाल्या, मग आमच्या घरात खोकतं कोण?"

हसणं अजून चालू होतं. तिने आयुष्यभर माणसांना हसण्यावारी नेलं होतं, पण मनातल्या मनात, दार लावून. हे हसणं उघड्यावरचं होतं. आणि ते तिच्यावर नव्हतं, हेच तिला सोसेना. त्या बायकांनी तिला हसण्याच्याही लायकीची धरलं नव्हतं. ती सर, फाइल, जीप या सगळ्या सामानातलं एक सामान होती. ती उठून उभी राहिली. "खोकणारी मुलं आम्ही मोजली नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे मोजली, आणि काढून टाकली. मी काढली. एकसष्ट काढली, त्यांतली चोपन्न खोकली म्हणून."

"बाई," सर हळूच म्हणाले, "बसा."

आरोग्यसेविकेने आता तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "हे सांगू त्यांना? खरंच सांगू?"

"सांगा."

तिने सांगितलं. या वेळी आखूड केलं नाही. आरडाओरडा होईल असं फुंकबाईला वाटलं होतं. झाला असता तर बरं झालं असतं. बायका नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि ती नजर ती चांगली ओळखत होती. ती स्वतः जगाकडे तशीच बघत आली होती. रुमालवाल्या मुलीची आई दुसऱ्या रांगेत होती. ती मुलीचा हात धरून उठली आणि निघून गेली. मग मागच्या खुर्चीवरून आवाज आला. खात्याचे अधिकारी जागे होते. "हे लेखी द्या," ते म्हणाले. आवाजात ना राग ना लोभ. "नावांची यादी, कारणासकट. सहीनिशी. त्याशिवाय दवाखान्याचा कागद मला अडवून धरता येणार नाही." या माणसाबद्दल तिने वळणावळणाला मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं तिला एकदम आठवलं.

"देते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर सरांनी तिला बाजूला घेतलं. आवाज अजून मऊच होता. "तुम्ही थकला आहात. सव्वीस वर्षं कमी नसतात. पुढच्या महिन्यापासून तुम्हाला नोंदणीच्या खिडकीवर देऊ, त्रास कमी होईल." "बरं," ती म्हणाली. गंमत म्हणजे तिला सरांचा तिरस्कारही नीट करता येईना. तोंडात शब्द तयार होते, चव नव्हती. ती वळली तर आरोग्यसेविका पायरीवर उभी राहून बुटांतली माती आपटत होती.

"ताई, यादी माझ्याकडे आहे," फुंकबाई म्हणाली. "वहीत नावं आहेत, चोपन्नही."

"चोपन्न कसली?"

"खोकणाऱ्या मुलांची."

"तुम्ही शाळेत टेबल मांडता. जी चालत शाळेत येऊ शकतात, त्यांतली चोपन्न." आरोग्यसेविकेने दुसरा बूट आपटला. "जी अंथरुणातून उठतच नाहीत, ती तुमच्या बादमध्येसुद्धा नाहीत, बाई. ती तुम्हाला कुणी दाखवलीच नाहीत. तुम्ही विचारलंही नाही."

एवढं खरं बोलून झाल्यावर आपल्याला थोडी तरी जागा मिळेल असं फुंकबाईला वाटलं होतं, आणि ते वाटणंही किती हलकं होतं हे तिला त्या आपटणाऱ्या बुटाकडे बघताना कळलं. "दाखवाल?" ती म्हणाली.

शाळेमागून चढ होता. आरोग्यसेविका मागे न बघता चालत होती. चौथं घर, बुटका दरवाजा, आत अंधार आणि चुलीची ऊब. दाराच्या उजेडात पाचेक वर्षांचा मुलगा दोन उशांना टेकवून बसवलेला होता, कारण आडवं केलं की त्याला श्वास लागे. त्याच्या आईने आरोग्यसेविकेकडे बघितलं, मग या नव्या बाईकडे. फुंकबाई नेहमीच्या सवयीने मुलासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे हात रिकामे राहिले. नळी नाही, चिमटा नाही, पडद्यावर मेणबत्त्या नाहीत. मुलाला काय करायला सांगायचं हेच तिला कळेना. आई काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही कोण?"

"सांगा तिला," फुंकबाई म्हणाली आणि थांबली. "सांगा, मुलांचे श्वास मोजते."

आईने ते ऐकून घेतलं. मग ती पुढे झाली, फुंकबाईचा हात मनगटाला धरून उचलला आणि मुलाच्या सदऱ्याआतून त्याच्या उघड्या पाठीवर ठेवला. सव्वीस वर्षांत फुंकबाईने एकाही मुलाच्या पाठीला हात लावला नव्हता. पाठ गरम होती, ओलसर, आणि फळ्यांसारखी एकेक फासळी वेगळी. आधी काहीच नव्हतं. मग श्वास आत आला, आणि तिच्या तळव्याखाली काहीतरी बारीक, खरखरीत सरकलं, वाळूतून काठी ओढावी तसं, एकदा जाताना आणि एकदा परत येताना. मुलगा खोकला. ते तिच्या हातातून दंडापर्यंत गेलं. हात मागे घ्यावासा वाटला, तिने तो तसाच ठेवला. खालून जीपचा हॉर्न वाजला, दोनदा. मग बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाल्याचा आणि वळणावरून दूर जात असल्याचा आवाज आला.

"गेले ते," आरोग्यसेविका दारातून म्हणाली. "पाचची बस आहे खालच्या फाट्यावरून. तोवर अजून सहा घरं होतील. वही आणलीय का?"

"आणलीय."

"मग याचं नाव लिहा. पूर्ण लिहा, मी सांगते तसं."